उतारा पाहिला, छत कोणी पाहिले?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळी कोर्टात निघण्याच्या गडबडीत असताना एक पक्षकार दारात येऊन उभे राहिले. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, समाजाच्या कोणत्याही कार्यक्रमात सतरंज्या टाकण्यापासून त्या गोळा करेपर्यंत थांबणारे गृहस्थ. हातात पिशवी होती. आम्हाला वाटले कागदपत्रे असतील. त्यांनी पिशवीतून सिमेंटचा एक मोठा पोपडा काढला आणि आमच्या टेबलावर ठेवला. दोन बोटे जाड, एका अंगाला नवाकोरा पांढरा रंग आणि दुसऱ्या अंगाला गंजाचा तांबडा पट्टा. म्हणाले, ‘हे नातीच्या अंथरुणावर पडलं साहेब. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली.’

हे घर त्यांनी दीड वर्षापूर्वी घेतले होते. निवृत्तीचे पैसे, पत्नीच्या अंगावरचे थोडेफार सोने आणि मुलाच्या नावावर बँकेचे कर्ज, असा सगळा जमा होता. आणि खरेदीचे काम आम्हीच केले होते. मिळकत पत्रिका आम्ही पाहिली. तीस वर्षांचा सर्च काढला. बोजा नाही, वारसांची हरकत नाही, घरपट्टीची थकबाकी नाही, हे सगळे तपासले. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदले आणि निर्धास्तपणे त्यांच्या हातचा पेढा खाल्ला. पण ज्या स्लॅबखाली ते कुटुंब झोपणार होते तो स्लॅब आम्ही पाहिला नाही. पाहिला का, असे त्यांना विचारलेही नाही. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येऊन गेला होता, त्यानेही खोल्या मोजल्या, फोटो काढले आणि तो निघून गेला. तो कर्जाच्या तारणाची किंमत ठरवायला आला होता, छत पाहणे त्याचे काम नव्हते. म्हणजे वकील, बँक, एजंट, घेणारा आणि देणारा असे पाच जण त्या घरात येऊन गेले आणि एकानेही मान वर केली नाही. त्यातला घर विकणारा सोडला तर बाकीच्यांना वर काय आहे ते ठाऊक नव्हते. त्याला मात्र चांगले ठाऊक असावे, कारण विक्रीच्या आधी महिनाभरच त्याने आतून पीओपीचे छत मारून घेतले होते आणि जिन्याच्या दाराला कुलूप होते.

आम्ही विचारले, ‘काका, गच्चीवर गेला नव्हतात का?’ त्यावर ते जे बोलले त्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. ते म्हणाले, ‘किल्ली गावाकडं राहिलीय म्हणाले. दुसऱ्यांदा मागायचा धीर झाला नाही. दोन वर्षं फिरलो. सगळीकडं आधी घर दाखवायचे, मग आडनाव विचारायचे, मग घर विकायचंच नाही म्हणायचे. हे एकटे हो म्हणाले. त्यांनी पण नाही म्हटलं असतं तर काय करायचं वो साहेब?’

हा अनुभव त्यांचा एकट्याचा नाही. सोलापुरात, पुण्यात, औद्योगिक वसाहतीच्या कोणत्याही शहरात आपल्या समाजातील नोकरदार माणूस वस्तीबाहेर घर पाहायला निघाला की त्याला ही पायरी चढावी लागते. कोणी तोंडावर सांगतो, कोणी ‘शाकाहारी कुटुंब हवे’ म्हणतो, कोणी ‘सोसायटीला विचारून सांगतो’ म्हणतो आणि पुन्हा फोन उचलत नाही. या नकारांची चर्चा आपल्या सभांतून बरीच होते आणि व्हायलाच हवी. परंतु दहा नकारांनंतर मिळालेल्या होकाराचे काय होते, यावर फारसे कोणी बोलत नाही. तो होकार मिळाला की आपला माणूस उपकाराखाली दबतो. भाव पाडत नाही. उलट दोन पैसे जास्त देतो. नळ सोडून पाहत नाही, भिंतीला हात लावत नाही, जिन्याची किल्ली मागत नाही. पैसे तो पूर्ण मोजतो, पण गिऱ्हाईक म्हणून असलेला त्याचा हक्क मात्र दारातच सोडून येतो. आणि विकणाऱ्याला हे बरोबर कळते. ज्या घराला बाजारात गिऱ्हाईक उरलेले नाही तेच घर आपल्याला विकायला काढले जाते, असा संशय आम्हाला आता येऊ लागला आहे.

काकांचा पुढचा प्रश्न साहजिक होता. केस करता येईल का?

येथे कायदा काय म्हणतो ते वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण कायदा हा १८८२ सालचा. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. त्यातले पहिलेच कर्तव्य असे की मिळकतीत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला माहीत नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितला पाहिजे. न सांगणे म्हणजे फसवणूक, असे त्याच कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिले आहे. इथपर्यंत वाचून आपल्याला बरे वाटते. परंतु त्या वाक्याला एक शेपूट आहे. जो दोष घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन शोधता आला नसता, तेवढाच दोष सांगण्याची ही जबाबदारी आहे. साधारण काळजी! सगळा खटला या दोन शब्दांवर उभा राहतो किंवा पडतो. समोरचा वकील उलटतपासणीत पहिलाच प्रश्न विचारणार, ‘घर घेण्यापूर्वी तुम्ही गच्चीवर गेला होतात का?’ नाही म्हटले की तो न्यायाधीशांकडे पाहून खाली बसणार. करार कायद्याच्या कलम १९ चेही तेच. गप्प राहून केलेल्या फसवणुकीतही, ज्याला साध्या प्रयत्नाने खरे कळू शकले असते त्याला करार रद्द करून मागता येत नाही.

काकांच्या बाबतीत आमची बाजू अगदीच लंगडी नाही. छत पीओपीने झाकले होते आणि किल्ली दिली नव्हती, म्हणजे दोष दिसू नये अशी तजवीज केली होती, असे आम्ही म्हणणार आहोत. नोटीस गेली आहे. पण दिवाणी दावा किती वर्षे चालतो हे आम्हीच काकांना सांगणार, आणि ते वय, ते कर्ज, तो स्लॅब यांपैकी कोणीही तारखेसाठी थांबणार नाही. जुने घर एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीने घेतले की ग्राहक न्यायालयाचा दरवाजाही साधारणपणे बंद असतो, कारण विकणारा व्यावसायिक नसतो. रेरा कायद्यात बिल्डरवर ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष स्वखर्चाने, तीस दिवसांत दुरुस्त करण्याची जबाबदारी आहे. ती उत्तम तरतूद आहे. पण ती बिल्डरकडून घर घेणाऱ्यासाठी. आपल्यातले बहुतेक जण दुसऱ्याने वापरलेले घर घेतात. त्यांच्यासाठी खरेदीखतावर सही होण्यापूर्वीची पाहणी हाच काय तो कायदा.

आता थोडे कटू बोलतो. घर घेताना आपले लोक काहीच पाहत नाहीत असे नाही. दार कोणत्या दिशेला आहे ते पाहतात. बावीस प्रतिज्ञा ज्यांच्या भिंतीवर लावलेल्या आहेत अशा घरांतूनही आमच्याकडे ‘दक्षिणमुखी आहे, घ्यावे का?’ असे विचारायला लोक आले आहेत. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे की नाही हे सांगणाऱ्याला हजारो रुपये दिले जातात. स्लॅबला हातोडी मारून पाहणाऱ्या इंजिनियरला तेवढेच पैसे द्या म्हटले की जिवावर येते. आणि खरेदी करायची कधी, तर पाडव्याला नाहीतर अक्षय तृतीयेला. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेव्हा गळके छतही ठणठणीत कोरडे असते. एजंट लोक या मुहूर्तांवर एवढे खूश का असतात ते यावरून कळावे. सोलापूरचा पाऊस मुळात कमी आणि त्यातला मोठा भाग सप्टेंबरात पडतो. घर पाहायचे असेल तर ते त्या दिवसांत पाहावे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि जिल्ह्यात गावेच्या गावे पाण्यात गेली, तेव्हा नदीपासून दूर असलेल्या कित्येक जुन्या घरांच्या भिंती आणि माळवदेही नुसत्या झडीने बसली.

माळवदाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीतील कोणीही विसरलेला नाही. आम्ही तेव्हा शाळेत होतो. गणपती विसर्जनाची रात्र सरली होती, चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी होती. आमचे घर पत्र्याचे, वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. ते दगड पत्र्यावर खडखडू लागले आणि वडिलांनी आम्हा भावंडांना ओढत बाहेर काढले. सगळी गल्ली रस्त्यावर आली. उजाडल्यावर कळले की किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातील गावेच नाहीशी झाली आहेत. सोलापूरहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचे. जवळजवळ आठ हजार माणसे मेली.

भूकंप फार प्रचंड होता म्हणून एवढी माणसे गेली असे आपण समजतो. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि तेथे इतकी माणसे मरत नाहीत. किल्लारीत माणसे मारली ती छतांनी आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. आपल्याकडचे माळवद कसे असते ते जुन्या वाचकांना सांगायला नको. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा, आणि त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पण गळायला लागले की काय करायचे? पावसाळ्याच्या तोंडाला वर मातीचा आणखी एक थर द्यायचा. आजोबांनी दिला, बापाने दिला, पोराने दिला. खालची माती कोणी काढली नाही. होता होता छतावर दीड-दोन फूट माती चढली. हिशोब करून पाहा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा ते सात टन. पावसाने भिजली की आणखी. सहा टनांचा ट्रक डोक्यावर उभा करून माणसे पिढ्यान्‌पिढ्या झोपत होती, आणि त्याला भक्कम घर म्हणत होती. त्याच गावांत ज्यांच्या डोक्यावर नुसते गवताचे छप्पर किंवा पत्रा होता त्यांच्यातले पुष्कळ जण वाचले. गावकुसाबाहेरच्या झोपडीने त्या पहाटे वाड्यापेक्षा जास्त माणसे राखली, हे सत्य आहे. याचा अर्थ झोपडीचे गुणगान करावे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की भिंत जाड आणि छत जड म्हणजे घर मजबूत, हा समज खोटा आहे.

आणि तो समज गेलेला नाही. माळवद गेले, स्लॅब आला, खोड मात्र तीच राहिली. स्लॅब गळायला लागला की मिस्त्री सांगतो, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून घ्या. चार इंचांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो वजन. पाच-सात वर्षांनी पुन्हा गळते. पुन्हा कोबा. जुना कोबा फोडायला मजुरी लागते म्हणून त्याच्यावरच नवा. आम्ही आमच्या डोळ्यांनी एकावर एक तीन थर पाहिले आहेत. त्यात सोलापूरचे पाणी! चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय या शहराला वर्षानुवर्षे लागलेली आहे. त्यामुळे ज्याच्या घरावर टाकी नाही असा माणूस सापडणार नाही, आणि एका टाकीवर भागणारा तर विरळाच. हजार लिटरची टाकी भरली की ती एक हजार किलोची होते. लोकांचा वावर असणाऱ्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार येईल असे धरून भारतीय मानकानुसार स्लॅबचे गणित करतात. त्याच्या सहापटीहून अधिक वजन आपण एका चौरस मीटरवर ठेवतो, तेही बहुधा खोलीच्या मधोमध, कारण तेथून नळ काढायला सोयीचे पडते. टाकी कॉलमवर किंवा दोन बीमच्या आधाराने ठेवली तर फारसे बिघडत नाही. मधोमध ठेवली तर स्लॅबचे पोट खाली येते. काकांच्या गच्चीवर नंतर आम्ही चढलो तेव्हा दोन टाक्या होत्या, नेमक्या नातीच्या खोलीवर.

तेव्हा घर पाहायला जाल त्या दिवशी आधी गच्चीवर जा. जिना नसेल तर शिडी मागा. शिडी नसेल तर घेऊन जा. वर गेल्यावर पहिल्यांदा टाक्या कोठे आहेत ते पाहा. मग पाणी कोठे वाहते ते. ढाळ पन्हळीकडे आहे की मधे तळे साचून वाळल्याचे डाग आहेत? पन्हळीचे तोंड मातीने, प्लास्टिकने बुजले आहे का? कठड्याच्या बुडाशी, जेथे भिंत आणि गच्ची जुळते तेथे, बोट घाला. गळतीची सुरुवात बहुतेक वेळा तेथून होते. फटीतून पिंपळ उगवला असेल तर त्याची मुळे खाली किती गेली आहेत हे फक्त त्यालाच माहीत. केसासारख्या बारीक भेगा सोलापूरच्या उन्हात कोणत्याही स्लॅबला पडतात, त्याने घाबरू नये. ज्या भेगेत पोस्टकार्डाची कड शिरते, जी सरळ बीमच्या रेषेने जाते किंवा जी आतल्या छतालाही त्याच जागी दिसते, ती मात्र इंजिनियरला दाखवावी.

खाली आल्यावर आतून पाहा. ओलीचे पिवळे डाग आणि पांढरा खार लपवायला रंग लागतो. म्हणून सगळे घर जुन्या रंगाचे आणि एकाच खोलीचे छत ताजे असेल तर कारण विचारा. पीओपी असेल तर एक चौकोन काढून दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर तेथेच नमस्कार करून निघा. लाकडी दांडक्याने किंवा लहान हातोडीने छताला हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ बद्द आवाज आला तर आतला गिलावा सुटला आहे. गंजाच्या तांबड्या रेषा दिसल्या तर प्रकरण आणखी गंभीर आहे. लोखंड गंजले की ते फुगते, मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागते आणि भोवतालच्या काँक्रीटला ढकलून पाडते. टेबलावरचा तो पोपडा तसाच पडला होता. असा स्लॅब वरून कितीही डांबर, रसायन, कोबा केला तरी सुधारत नाही, कारण रोग सळईत असतो. आणि सळई गंजली आहे हे दिसल्यावर गिलावा मारून ती झाकणारा मिस्त्री रोग्याला पावडर लावणाऱ्या वैद्यासारखा.

उन्हाळ्यातच घर घ्यायची वेळ आली तर पाण्याची चाचणी करता येते. पन्हळीला बोळा लावायचा, गच्चीच्या एका भागाला मातीचा बांध घालायचा आणि दोन इंच पाणी चोवीस तास उभे ठेवायचे. दहा बाय दहाला दोन-अडीच बॅरल पाणी पुरते. खाली ओल उतरली की उत्तर मिळाले. मात्र माळवदावर किंवा आधीच पोट आलेल्या स्लॅबवर हा प्रयोग करू नये, उत्तर अंगावर यायचे.

जुन्या पेठांत अजून माळवदाची घरे स्वस्तात मिळतात. त्यात तुळईचे भिंतीत शिरलेले टोक पाहा. तेथे ओल धरते आणि वाळवी लागते. मधे तुळई कशीही ठणठणीत दिसो, टोकाला पेचकस आत गेला तर ती तुळई गेलेली आहे. वर मातीचा थर किती आहे ते सवण्याच्या कडेला मोजता येते. शहाबादी फरशीचे छत आपल्या भागात पुष्कळ आहे, शहाबाद जवळ असल्याने. त्यात फरशीपेक्षा तिला धरणाऱ्या लोखंडी अँगलकडे पाहावे, आणि तडा गेलेल्या फरशीखाली खाट टाकू नये. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते कापू किंवा फोडू नयेत, त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ छातीत बसते. बदलायचे असतील तर ओले करून अख्खे उतरवावेत.

सगळ्यांत महत्त्वाची चौकशी मात्र फुकटची आहे. घरात भाडेकरू असेल तर त्याच्या बायकोला विचारा, पावसाळ्यात पातेली कोठे कोठे ठेवता? शेजारणीला विचारा. मालक जे दहा भेटींत सांगणार नाही ते ही बाई दोन मिनिटांत सांगते. घर पाहायला बापलेक जातात आणि सासूसुनेला ताबा मिळाल्यावर नेतात, ही आपल्याकडची पद्धतच मुळात चुकीची आहे. छताखाली चोवीस तास राहणार कोण, आणि त्याची पारख कोणाला असणार?

फ्लॅट घेणाऱ्यांना वाटते की हे आपल्याला लागू नाही. सगळ्यांत वरच्या मजल्याचा फ्लॅट थोडा स्वस्त का मिळतो याचा त्यांनी विचार करावा. गच्ची सामाईक असते, तिच्या गळतीचा खर्च सोसायटीने करायचा असतो, असे उपविधीत लिहिलेले आहे. पण सोसायटीच नोंदलेली नसेल, किंवा खालच्या मजल्यावरचे ‘आमच्याकडे गळत नाही’ म्हणून वर्गणी देत नसतील, तर उपविधी पावसात भिजत पडतात. खरेदीपूर्वी सोसायटीच्या सभांचे इतिवृत्त मागावे. दर वर्षी गच्चीचा विषय ‘पुढील सभेत’ ढकललेला असेल तर समजून जावे. इमारत नवी आहे यावरही विसंबू नये. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी पडली आणि सोळा जण गेले, तेव्हा ती दहा वर्षांचीही झालेली नव्हती.

इमारत वापरात येऊन तीस वर्षे झाली असतील तर मालकाने नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून ती तपासून घ्यावी आणि तसे प्रमाणपत्र महापालिकेला द्यावे, अशी तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतींना नोटिसा निघतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्या निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या नोटिसांचे पुढे काय होते ते महापालिकेलाच विचारावे. आपण एवढे करावे, की घेणार असलेल्या घराला अशी नोटीस मिळाली आहे का, हे झोन कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारावे. दहा रुपये लागतात.

आणि गुंठेवारी. आपल्यातील फार मोठा वर्ग गुंठेवारीतच घर घेतो, कारण तेथे आडनाव कमी विचारतात आणि पैसे कमी लागतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंतची बांधकामे नियमित करून घेण्याची सोय झाली. परंतु नियमितीकरणाने कागद सरळ होतो, स्लॅब सरळ होत नाही. ही घरे बहुधा नकाशा नसताना, इंजिनियर नसताना, मिस्त्रीच्या अंदाजाने आणि मालकाच्या खिशाने उभी राहिलेली. एका मजल्याच्या पायावर दुसरा मजला, त्यावर पत्र्याची खोली. सळई किती एमएमची टाकली हे सांगणारा एकही कागद नसतो. येथे इंजिनियरशिवाय घर घेणे म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ होय. सळई किती अंतरावर आहे, काँक्रीटची ताकद किती उरली आहे, हे न फोडता सांगणारी यंत्रे आहेत. सोलापुरात स्थापत्य अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, या कामाचे जाणकार आहेत. लाखांच्या व्यवहारात हा खर्च जड नाही. एजंटाच्या दलालीपेक्षा तो नक्कीच कमी येतो.

काकांचा पोपडा आम्ही परत दिला नाही, तो दाव्यात लागेल. पण त्या दिवसापासून आमच्या कार्यालयातील साठेखताच्या नमुन्यात एक कलम वाढवले आहे. विकणाऱ्याने गच्ची, छत आणि टाक्यांची जागा घेणाऱ्याला व त्याच्या अभियंत्याला पूर्ण उघडी करून दाखवली आहे, छताची गळती, गंज, भेगा व पूर्वी केलेल्या दुरुस्त्या यांची माहिती खाली लिहून दिली आहे, आणि ती खोटी निघाल्यास इसार परत करून दुरुस्तीचा खर्च देण्यास तो बांधील राहील. विकणाऱ्याने सही करायला कां कूं केली की घराबद्दल जे कळायचे ते कळते. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे कोणी म्हटले तर आपल्या माणसाने ओशाळून जाऊ नये. आपण दान मागायला गेलेलो नाही. धनादेश आपल्या हातात आहे.

समाजातील तीन तरुण इंजिनियरांशी आम्ही बोललो आहोत. त्यांतील एक मुलगी आहे आणि हातोडी घेऊन शिडीवर पहिली तीच चढते. महिन्यातून दोन रविवार ते आपल्या लोकांनी घ्यायला काढलेली घरे विनामूल्य पाहून देणार आहेत. मोठ्या तपासण्या लागल्या तर त्यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. काकांच्या स्लॅबखाली त्यांनीच लोखंडी टेकू लावून दिले, टाक्या उतरवून कॉलमवर घेतल्या, आणि नातीची खाट तूर्त बाहेरच्या खोलीत हलवली आहे. सळया उघड्या करून, गंज काढून, खराब झाल्या तेथे नव्या जोडून पुन्हा काँक्रीट भरायचे काम पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे, त्यासाठी पैशांची जुळवाजुळव चालू आहे.

या महिन्यात कोणी इसार देणार असेल तर त्याने देण्यापूर्वी शनिवारी सायंकाळी कार्यालयात यावे. येताना मिळकत पत्रिका आणावी. घडीची शिडी आम्ही विकत घेतली आहे.